दुबई ते डब्लिन, केर न काढता

आमच्याकडे घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढत नाहीत. माझ्या माहेरी, कोलाडजवळच्या गावात, हे फार कडक होतं. वडील नुसते रोह्याच्या बाजाराला गेले तरी आई झाडू दाराआड उभा करून ठेवायची. तेव्हा फोन नव्हते. मग पोचले हे कळायचं कसं? आईने त्यावर आपलं गणित बसवलं होतं. एसटी गेली की भात टाकायचा, भात शिजून खाली उतरला की वडील रोह्याला उतरले असं धरायचं. मग केर. त्यात कधी चूक झाली नाही, किंवा झाली असेल तर कोणाला कळली नाही.

मी हे मानते असं छातीठोक सांगता येणार नाही. पण मोडायचा धीरही होत नाही. एखाद्या दिवशी केर राहिला तर काय बिघडतं, असं म्हणून मी आजवर पाळत आले. रोह्याहून पेणला, पेणहून पनवेलला जाणाऱ्या माणसांसाठी ती रीत बरी होती. तास-दोन तासांचा प्रश्न असायचा. माझी मुलगी दुबईहून डब्लिनला निघाली त्या दिवशी मात्र या रितीने माझी पार दमछाक केली. आता सगळं नीट झालंय म्हणून हसू येतं. त्या दुपारी हसू येत नव्हतं.

मुलगी नर्स आहे. दोन वर्षं दुबईच्या एका दवाखान्यात होती. मग तिला आयर्लंडमध्ये, डब्लिन नावाच्या शहरात, म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत नोकरी लागली. तिकडे हजर व्हायची तारीख जवळची होती, म्हणून मध्ये घरी येणं जमलं नाही. इथून दुबईला गेली तेव्हा निदान मी तिला दारातून निरोप दिला होता, हातावर दही घातलं होतं. या वेळी ती एका परक्या गावातून निघून दुसऱ्या परक्या गावात उतरणार होती. दोन्हीकडे आमचं कोणी नाही. दोन्ही विमानतळ मी पाहिलेले नाहीत आणि पाहीन असं वाटत नाही.

आदल्या दिवशी तिने तिकिटाचा फोटो पाठवला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी वाचते, लिहिते, इंग्रजीतले आकडे तेवढे कळतात. फोटोत दोन वेळा होत्या. निघायची साडेसात, पोचायची साडेबारा. मला बरं वाटलं. पाच तास म्हणजे काही फार नाही. मागे मुंबईला सरकारी दवाखान्यात जाऊन नंबर लावून परत यायला याहून जास्त वेळ लागला होता.

शिवाय एक गोष्ट मला पक्की माहीत होती आणि तिचा मला थोडा गर्वच होता. परदेशाचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं. दोन वर्षं मी मुलीशी बोलत होते ती हेच धरून. माझे साडेनऊ म्हणजे तिचे आठ. त्यामुळे साडेबारात दीड मिळवले आणि रात्री जेवताना यांना सांगून टाकलं, "उद्या आपल्या दोन वाजता पोचेल ती."

हे म्हणाले, "दोनला? बरं झालं. मी तीनला सुटतो. सुटलो की कळेलच."

हे डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर आहेत. पहिली पाळी असली की पहाटेच निघतात. आत मोबाईल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो.

सकाळी मी केर तसाच ठेवून घराला कुलूप लावलं आणि एसटी धरली. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला जाते. गाडी वडखळच्या अलीकडे असताना मुलीचा फोन आला.

"आई, ऐकू येतंय का? आता आत बसवतायत."

"व्हय."

"सामान गेलं. काही जास्त झालं नाही वजन."

"बरं."

"तू काही बोलत का नाहीस?"

गाडी भरलेली होती. माझ्या शेजारची बाई मासळीची टोपली पायाशी धरून माझ्याच तोंडाकडे बघत होती. चारचौघांत फोनवर बोलायला मला कसंतरी होतं. मी म्हटलं, "गाडीत हाय. सांभाळून जा."

"पोचले की फोन करते. घाबरू नकोस हं."

मला तिला विचारायचं होतं, नक्की किती तास लागतात गो? पण त्या बाईसमोर कसं विचारणार? आणि खरं सांगायचं तर मुलीलाही विचारायची लाज वाटली. तिकीट पाठवलंय, त्यावर सगळं लिहिलंय, तरी आईला कळलं नाही असं तिला वाटलं असतं. फोन ठेवल्यावर ती बाई म्हणाली, "मुंबईला चाललीय व्हय मुलगी?" मी मान हलवली. होय म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

रामवाडीला उतरून मी कारखान्यात गेले. आमच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या मूर्ती आधी आम्हा बायकांकडे येतात. आम्ही त्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करतो. त्याची पांढरी भुकटी सगळीकडे उडते, केसांत, पापण्यांवर, चहाच्या कपात. ती झाडायचं काम माझ्याकडे आहे. एकदा अकरा वाजता आणि एकदा जेवण झाल्यावर. दुपारनंतर शेठ स्वतः रंगाला बसतात, आणि ओल्या रंगावर भुकटी बसली तर मूर्ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. म्हणून केर वेळेवर लागतो.

अकरा वाजले. मी उठले नाही.

माझ्या बाजूला एक मावशी बसतात. वीस वर्षं याच कारखान्यात आहेत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्या म्हणाल्या, "काय गो, आज झाडू रुसला काय?"

मी सांगितलं, मुलगी विमानात आहे. दोन वाजता पोचेल. तोवर केर काढत नाही.

"अगो पण ती तुझ्या दारातून थोडीच निघालीय? ती निघाली दुबईतनं. केर राहायचा तर तिकडचा राहील."

"तिकडं माझं कोण हाय केर ठेवायला?"

"आणि हा तर कारखाना. घर पण नाय."

हे मलाही सुचलं होतं. घरचा केर तर मी ठेवलाच होता. कारखान्याचा काढायला हरकत नव्हती. पण मी विचार केला, ती जिथून निघाली तिथे तिचं घर नाही, ती जिथे जातेय तिथेही अजून नाही. मग रीत पाळायची ती आई ज्या जागी आहे त्या जागीच. झाडायचं ते माझ्याच हातांनी ना? मी मावशींना हे सगळं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "दोन वाजता काढते."

"काढ बाई. मी पण थोरल्या पोराच्या वेळी तीन दिवस काढला नव्हता. बोटीवर गेला होता तो. सासू म्हणाली, पोर परत येईल पण तोवर आपण केराखाली गाडले जाऊ." आणि मावशी इतक्या हसल्या की त्यांच्या मांडीवरचा उंदीर हलला. गणपतीचा उंदीर, घासायला घेतलेला.

दोन वाजले. मी फोन समोरच्या फळीवर उभा करून ठेवला. सव्वादोन झाले. विमानातून उतरायला वेळ लागत असेल. अडीच झाले. बॅग मिळायला वेळ लागत असेल. पावणेतीनला मी पाण्याच्या पिंपाकडे जाते असं सांगून मागे गेले आणि तिला फोन लावला. एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली, मग दुसऱ्या कुठल्या भाषेत तेच बोलली असावी. पुन्हा लावला. पुन्हा त्याच दोघी.

यांना फोन करून उपयोग नव्हता, फोन गेटवर पडलेला. तीनला सुटले तरी यांचा फोन आला नाही. दोनला ती पोचली असेलच असं धरून हे निवांत कंपनीच्या बसमध्ये बसले असणार. तसंच ते होतं, हे मला नंतर कळलं.

जागेवर येऊन मी घासायला बसले. एका मूर्तीचा कान घासता घासता इतका घासला की पातळ झाला. मावशींनी मूर्ती हातातून काढून घेतली. थट्टा केली नाही म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

डोक्यात काय काय येत होतं ते लिहीत नाही. लिहिलं की खरं वाटायला लागतं. एवढंच लिहिते की मी देवाला काही मागितलं नाही, कारण समोर चाळीस गणपती बसलेले, सगळे बिनडोळ्यांचे. डोळे आखायचे बाकी होते. कोणाकडे बघून मागणार?

तीन वाजून गेले तेव्हा शेठ रंगाच्या वाट्या घेऊन आले. खाली बघितलं आणि म्हणाले, "हे काय? आज बर्फ पडलाय काय कारखान्यात? वैनी, केर?"

मी खाली मान घातली. मावशी म्हणाल्या, "तिची मुलगी विमानात हाय शेठ. पोचेपर्यंत केर काढायची नाय ती."

"म्हणजे पोर पोचेपर्यंत माझे गणपती बिनरंगाचे?"

"तुमचे गणपती कुठं पळून चाललेत? त्यांचा उंदीर अजून माझ्याकडं हाय."

बाकीच्या बायका हसल्या. मी त्या कारखान्यात सहा वर्षं आहे. शेठशी मी आपणहून बोललेली वाक्यं मोजली तर हाताची बोटं पुरतील. पण त्या वेळी माझ्या तोंडून आपोआप निघालं, आणि निघालं ते मोठ्याने.

"शेठ, ती दोनला पोचायला पायजे होती. आता सव्वातीन झाले. फोन लागत नाय."

शेठनी वाट्या खाली ठेवल्या. "कुठून कुठं गेलीय?"

"दुबईतनं डब्लिनला."

"तिकीट हाय काय?"

मी फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बघितला. मग स्वतःचा फोन काढला आणि दोन्ही शहरांची नावं घातली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना आपण त्याच्याकडे बघतो तसं.

"पाच हजार नऊशे किलोमीटर," ते वाचत म्हणाले. "सरळ रेषेत हां. आणि विमानाला लागतात... आठ तास."

"पाच," मी म्हटलं. "साडेसात ते साडेबारा."

"वैनी, साडेसात दुबईचे. साडेबारा तिकडचे."

"ते मला माहीत हाय. परदेशाचं घड्याळ दीड तास मागं. ते मी धरलंय."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "सगळ्या परदेशाचं एकच घड्याळ नसतं हो. दुबई दीड तास मागं. डब्लिन साडेचार तास मागं, लंडनसारखं. मी तिकडं गणपती पाठवतो ना, तिकडचे लोक मला दुपारी फोन करतात तेव्हा त्यांचा सकाळचा चहा चाललेला असतो." त्यांनी बोटांवर मोजलं. "आपल्या नऊला निघाली. आठ तास. म्हणजे आपले पाच. अजून पावणेदोन तास हायत. तुमची मुलगी वाटेत हाय वैनी. चुकली नाय, हरवली नाय. वाटेत हाय."

वाटेत आहे. सकाळी हेच शब्द काळजीचे होते. आता त्यांच्यासारखं गोड काही नव्हतं. ती उशिरा नव्हती. ती अजून झोपली असेल, किंवा खिडकीतून बघत असेल, आणि इथे मी तिला सव्वा तास कुठे कुठे पाडून बसले होते. मी तिथेच भुकटीत बसले. हसायला लागले आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. मावशींनी पदराने माझं तोंड पुसलं, तर त्यांच्या पदराची भुकटी माझ्या ओल्या तोंडाला लागली.

"आता हिलाच रंगवा शेठ," मावशी म्हणाल्या. "घासून तयार हाय."

शेठ म्हणाले, "कळलं ना आता? मग काढा केर."

"पाचनंतर," मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. मग दोन मोठ्या मूर्ती उचलवून आपल्या घराच्या पडवीत नेल्या आणि तिथे रंगाला बसले. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी मुलीला अमेरिकेला पाठवायचं असेल तर मला आधी सांगा. सुट्टीच देतो."

पाच वाजले म्हणजे उतरली असं आईसारखं धरून मी कारखान्याचा केर काढला, भरपूर निघाला. मग रामवाडीला येऊन रोह्याची गाडी पकडली. खिडकीपाशी जागा मिळाली. मी पाच हजार नऊशेचा विचार करत होते. पेण ते रोहा चाळीसेक किलोमीटर. जवळजवळ सहा हजार म्हणजे दीडशे फेऱ्या. जाऊन येऊन एका दिवसाच्या दोन, म्हणजे पंच्याहत्तर दिवस. सुट्ट्या सोडल्या तर तीन महिने. मी तीन महिने जाऊन येऊन जेवढी वाट तुडवते तेवढी ती एका बैठकीत गेली होती. हे गणित मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. बरोबर येत होतं. फार मजा वाटली.

वडखळ सोडलं आणि यांचा फोन आला.

"काय गो, बोलली काय पोरगी?"

"अजून नाय. करेल आता. तिकडचं घड्याळ साडेचार तास मागं असतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"म्हायती हाय मला," मी म्हटलं. गाडीत होते, तरी जरा मोठ्यानेच म्हटलं.

"अगो पण तूच म्हणालीस ना, दोनला पोचेल? मी घरी आलो तर सगळीकडं धूळ. म्हटलं पोरगी पोचली, आता काय हरकत. केर काढून टाकला."

"कधी?"

"आलो तेव्हा. साडेचार असतील. कोपरे पण काढले."

साडेचार. पाचला अर्धा तास होता. विमान खाली उतरायची वेळ. विमान चढताना आणि उतरताना काय ते जपायचं असतं, असं कुठेतरी ऐकलेलं मला नेमकं तेव्हाच आठवलं. मी पाच वाजेपर्यंत, शेठचं काम अडवून, झाडूला हात लावला नाही. आणि तिकडे घरात, माझ्याच चुकीच्या बेरजेवर विसंबून, तिच्या बापाने कोपऱ्यांसकट केर काढला. यांना बोलणार तरी काय? मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

ती वीस-पंचवीस मिनिटं मात्र लांब गेली. मी मनाला समजावत होते. मुलगी नर्स आहे, ती हे ऐकेल तर हसेल. विमान चालवणाऱ्याला आमच्या घरातला झाडू दिसतो काय? सगळं पटत होतं, आणि तरी नजर फोनवरून हलत नव्हती. नागोठण्याच्या स्टँडवर गाडी थांबली. लोक चढत होते. तेवढ्यात फोन वाजला. वेगळाच नंबर, लांबलचक.

"आई! पोचले गं! इथलं नवं सिम आत्ता चालू झालं. केवढी लांब रांग होती पासपोर्टवरच्या शिक्क्यासाठी."

मी एवढंच म्हटलं, "उतरताना काय झालं नाय ना?"

"काय होणार? थोडं हललं म्हणे ढगांत. मग असं अलगद उतरलं, मला कळलंच नाही. शेजारच्या बाईने उठवलं. मी सगळा वेळ झोपले आई. आठ तास!"

"सगळा वेळ?"

"जेवायलासुद्धा उठले नाही. तू काय केलंस दिवसभर?"

"कामाला होते," मी म्हटलं.

ती हसली. तिकडे मागे कोणीतरी चाकांची बॅग ओढत होतं, त्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, इथे गार आहे, दुपार आहे, संस्थेतली बाई न्यायला आली आहे, चांगली दिसते. मी प्रत्येकाला "बरं" म्हणत गेले. गाडी सुरू झाली, फोन तुटला, तरी मी तो कानाला धरून बसले होते. समोरच्या सीटवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "व्हय काका. मुलगी डब्लिनला पोचली. पाच हजार नऊशे किलोमीटर. आठ तास लागतात." अनोळखी माणसाला मी एवढं कधी सांगितलं नव्हतं.

रोह्याला उतरले तर हे स्कूटर घेऊन स्टँडवर उभे. मुलीशी यांचंही बोलणं झालं होतं. घरी येऊन दार उघडलं. फरशी पुसल्यासारखी स्वच्छ, पलंगाखालूनसुद्धा काढलं होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात यांनी पहिल्यांदाच झाडू हातात घेतलेला. हे दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते, मी काही म्हणते का म्हणून.

"चांगला काढलाय," मी म्हटलं.

यांनी केर काढला तेव्हा मुलगी अजून विमानातच होती, हे यांच्या लक्षात आलेलं नाही आणि मीही अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. कळलं तर घाबरतील, आणि पुन्हा कधी झाडूला हात लावायचे नाहीत.